आत्यानं मला दिलेले शब्द

तोंडात घास असताना माणसाला महत्त्वाचं काही विचारू नये. गास्पारेनं नेमकं तेव्हाच विचारलं. भाजलेल्या डुकराच्या मांसाचं सँडविच मी दोन्ही हातांनी धरलं होतं, पावातला रस्सा मनगटावर ओघळत होता आणि कडू पाल्याचा एक धागा दातात अडकला होता. तो काउंटरमागून एप्रनला हात पुसत आला, माझ्या टेबलावर दोन्ही मुठी टेकवून वाकला आणि म्हणाला, “खाऊन झालं की मागच्या खोलीत ये. नातवाला दृष्ट लागलीय. तीन दिवस झाले, पोराच्या डोळ्याला डोळा नाही. डॉक्टरला दाखवलं, तो म्हणतो काही नाही. तुझ्या आत्याचे, असुंतामावशीचे शब्द तुझ्याकडेच आहेत ना?” मी म्हणाले, “हं.” म्हणाले असंही नाही. घास गिळताना घशातून जो आवाज निघतो तो निघाला, आणि त्याबरोबर मान हलली. गास्पारेनं माझ्या खांद्यावर थोपटलं आणि जाता जाता ओरडला, “एकेचाळीस! एकेचाळीस कोण आहे? झोपलात का?”

शनिवारची दुपार, एकचा सुमार. पुढे दुकान आणि मागे सहा टेबलं, अशी ही जागा माझ्या जन्माच्या आधीपासून अशीच आहे. छताला टांगलेली चीजं, पिंपांतली ऑलिव्हं, खाऱ्या माशाचा वास, दारातल्या यंत्रातून नंबराची चिठ्ठी ओढून उभी असलेली माणसं आणि नंबर हुकला म्हणून भांडणारा एक तरी म्हातारा. दक्षिण फिलाडेल्फियात लग्न, बारसं, मयत काहीही असो, थाळे इथूनच जातात. मी दहा महिने इथं पाऊल टाकलं नव्हतं. आजही टाकणार नव्हते. आत्याच्या वर्षश्राद्धाची मिस्सा नोंदवायला चर्चमध्ये आले, पाद्रीबाबांनी तारीख लिहून घेतली, आणि बाहेर पडल्यावर भुकेनं पाय आपोआप इकडे वळले. भुकेनंच, असं मी तरी म्हणते. नदीपलीकडे जर्सीत राहायला गेल्यापासून तिकडचे लोक मला नॅन्सी म्हणतात. इथं दारात पाऊल ठेवताच गल्ल्यावरच्या इम्माकाकू म्हणाल्या, “आली का नुन्झिया? बस. खाऊन जा.” चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई, गास्पारेची आई. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, पण त्या सगळ्यांकडेच तसं पाहतात. बसायला एकच टेबल रिकामं होतं, भिंतीलगतचं, आत्याचं. गर्दीच्या शनिवारी ते रिकामं कसं, याचा विचार तेव्हाच करायला हवा होता.

आत्या या टेबलाशी चाळीस वर्षं बसली. कोटाच्या कारखान्यात काजं करायची, दिवसाला शेकड्यांनी, आणि शनिवारी इथं जेवायची. पांढऱ्या घेवड्याची आणि पाल्याची आमटी, शिळा पाव कुस्करून. आई दोन पाळ्या करायची, त्यामुळे मला आत्याच खाऊपिऊ घालायची. मी समोर बसून मीटबॉल चिवडत असायची आणि बायका यायच्या. कुणाचं डोकं ठणकतंय, कुणाचं पोर अंगावर पीत नाही, कुणाच्या मुलीचं ठरलेलं लग्न उगाच मोडलंय. आत्या आमटी बाजूला सारायची. खोलगट ताटलीत पाणी घ्यायची, करंगळी तेलात बुडवून तीन थेंब सोडायची आणि ओठ हलवायची. थेंब गोल राहिले तर, “तुला काही झालेलं नाही, घरी जाऊन झोप.” पसरले तर दृष्ट आहे. मग कपाळावर अंगठ्यानं क्रूस, पुन्हा शब्द, पुन्हा थेंब. शब्द कुणाला ऐकू यायचे नाहीत. जबर दृष्ट असली की आत्याला एकामागून एक जांभया यायच्या, डोळ्यांतून पाणी गळायचं, आणि समोरची बाई हुश्श करून उठायची. पैसे घ्यायचे नाहीत, आभार तर मानायचेच नाहीत. आभार मानले की काढलेली दृष्ट परत येते. म्हणून बायका तोंड घट्ट मिटून, चोरी केल्यासारख्या निघून जायच्या. शाळेतल्या मुली मला विचारायच्या, “तुझी आत्या चेटकीण आहे का गं?” मी खोटंच म्हणायची, “ती माझी सख्खी आत्या नाही.” हे मी आठ वर्षांची असताना म्हणाले आहे. आत्याला हे कधी कळलं नाही, पण मला कळलेलं आहे, आणि अजून ते कुठं गेलेलं नाही.

शब्द द्यायचे ते नाताळच्या आदल्या दिवशी, मध्यरात्रीच्या आत, एकीनं एकीलाच, आणि शक्यतो रक्तातल्या बाईला. बाकी वर्षभर ते सांगितले तर नुसती बडबड, त्यात काही उरत नाही. लिहून ठेवायचीही सोय नाही. आत्याला आजीनं दिले, आजीला तिच्या आईनं, इटलीहून बोटीत बसायच्या आदल्या नाताळला. आत्यानंतर मीच. हे कधी ठरवलं गेलं नाही, ठरलेलंच होतं. आत्या पंच्याऐंशीची झाली त्या वर्षी तिनं फोनवर सांगितलं, “यंदा ये. मासे मी तळते, तू नुसती ये.” मी म्हणाले, येते. त्या दिवशी बर्फ पडलं. पूल बंद नव्हता, पण बर्फ पडलं हे खरं होतं, आणि खऱ्या कारणासारखी सोय नाही. दुसऱ्या वर्षी नवऱ्याच्या कचेरीतली माणसं जेवायला बोलावली. मीच बोलावली, तीही नेमक्या त्याच दिवशी. वॉल्टर म्हणालासुद्धा, “अगं, तुला त्या दिवशी आत्याकडे जायचं होतं ना, तेलाच्या शिकवणीला?” मी हसले. तो चांगला माणूस आहे, पण त्याच्या थट्टेला मी हसले. मनाशी मी एक छानसं कारण तयार केलं होतं. शब्द देऊन झाले की आत्या मोकळी होईल आणि मरेल, म्हणून ते घ्यायचेच नाहीत, म्हणजे ती राहील. बरेच दिवस मला हे कारण फार आवडायचं, त्यात माझं प्रेम दिसायचं. पण ती सारवासारव होती. खरं एवढंच की मला ते टेबल नको होतं. शनिवारी इथं बसायचं, लोकांच्या डोकेदुख्या ऐकायच्या, जांभया द्यायच्या, आणि रस्त्यानं जाताना कुणीतरी आपल्याकडे बोट दाखवून पोरीला सांगणार, ती बघ, ती दृष्ट काढते. मी दाताच्या डॉक्टरकडे लोकांच्या वेळा नोंदवते. स्वच्छ खोली, स्वच्छ टेबल, आणि दुखतं ते आत, दुसऱ्याच्या खुर्चीत.

तिसऱ्या वर्षी मी निघाले. हे मी वॉल्टरलाही सांगितलेलं नाही. संध्याकाळी निघाले, पूल ओलांडला, आत्याच्या गल्लीत शिरले. गल्ली अरुंद, दोन्हीकडे गाड्या दाटलेल्या, सणाच्या दिवशी तर मुंगीला जागा नाही. आत्याच्या घरापुढे एका गाडीची जागा रिकामी होती आणि तिच्या मधोमध एक खुर्ची ठेवली होती. आमच्याकडे जागा धरून ठेवायची तर घरातली खुर्ची रस्त्यावर ठेवतात, आणि दुसऱ्याच्या खुर्चीला कुणी हात लावत नाही. बाई नवरा बदलेल, पण शेजाऱ्याची खुर्ची हलवणार नाही. म्हणून मी ती हलवली नाही. दुसरी फेरी घातली, तिसरी घातली. कुठं जागा नाही. मनात म्हणाले, कुणाच्या तरी घरी पाहुणे येणार असतील, काय करणार. आणि मला इतकं हलकं वाटलं की परत पूल चढताना मी गाडीत गाणं लावलं. त्या खुर्चीला पिवळं प्लास्टिकचं आसन होतं आणि एका कोपऱ्यात चिकटपट्टी लावलेली होती. ती चिकटपट्टी शाळेत असताना मीच लावली होती. तिसऱ्या फेरीला मी काच खाली करून पाहिलं होतं. सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईनं पायऱ्यांवरून ती खुर्ची एकटीनं उतरवली होती, माझ्यासाठी, आणि मला ते पहिल्या फेरीलाच कळलं होतं. आत्या चार जानेवारीला गेली. तिच्या मयताला लोकांनी माझे हात हातात घेतले, आणि सगळ्यांनी जरा आदरानं घेतले. मला वाटलं, रक्ताची म्हणून असेल.

सँडविच अर्धं राहिलं होतं. ते मला संपवता येईना, टाकताही येईना, कारण इथं ताटात टाकलेलं गास्पारेला दिसतं आणि तो विचारतो. मी ठरवलं, सांगून टाकायचं. उठले, रांगेतल्या माणसांमधून वाट काढत काउंटरपाशी गेले. “ए बाई, नंबर घे,” मागून एक जण म्हणाला. “मी घ्यायला नाही आले, सांगायला आलेय.” “सांगायलासुद्धा नंबर लागतो इथं, मी पाऊण तास उभा आहे.” लोक हसले. गास्पारे हॅम कापत होता. “गास्पारे,” मी म्हणाले, “ऐक ना. ते मघाचं. मला ते येत नाही रे. आत्यानं मला...” पुढचं वाक्य माझ्याजवळ तयार होतं. पण त्यानं यंत्र बंद केलं आणि कापलेल्या हॅमची चकती कागदावर ठेवून माझ्याकडे तोंडभर हसला. “मावशी म्हणालीच होती. म्हणाली होती, पोरगी लाजाळू आहे, पहिल्यांदा नाहीच म्हणेल. नाताळनंतरच्या दुसऱ्याच दिवशी ती त्या टेबलाशी येऊन बसली, तुला सांगतो. आमटी सगळी संपवली. आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, ‘नुन्झिया आली होती. एकदा ऐकले आणि पाठ झाले पोरीला. आता मी कधीही जायला मोकळी.’ विचार कुणालाही.” मघाचाच माणूस मागून म्हणाला, “खरं आहे. मी होतो.” आणि टोपी काढून एक पाऊल मागे सरला. निळ्या कोटातली एक बाई कपाळावर हात दाबून उभी होती, तीही सरली. माझ्यासाठी वाट झाली. त्या वाटेनं मागच्या खोलीकडे जायचं किंवा रस्त्यावर जायचं, दोन्ही जमत होतं. रस्त्यावर गेले असते तर इतक्या लोकांना कळलं असतं की मेलेली बाई खोटं बोलली. मी मागच्या खोलीकडे गेले.

मॉरीन पिठाच्या पोत्यांपाशी उभी होती, पोराला खांद्यावर घेऊन, आणि उभ्या उभ्याच डुलत होती. गास्पारेची सून, आयरिश घरातली. बटाट्यापलीकडे हिला काही रांधता येत नाही म्हणून लग्नात इथल्या बायकांनी नाकं मुरडली होती. पोराचं नाव आजोबाचंच, गास्पारे. पाच महिन्यांचं, रडून रडून लाल झालेलं, आणि आता नुसतं घोगरं कण्हत होतं. “बारशाला एक बाई आली होती,” मॉरीन म्हणाली, “म्हणाली, काय गोंडस आहे हो. आणि देवाचं नाव घेतलं नाही. मी ऐकलं. मी म्हटलं सासऱ्यांना, मला हसा, पण त्या बाईनं देवाचं नाव घेतलं नाही. आमच्या घरात हे नाही. पण तुम्ही करा. मला काहीही चालेल, मला फक्त हा झोपायला हवाय.” तिच्या केसांना दुधाचा वास येत होता. मी ताटली मागितली. पाणी घेतलं. ऑलिव्हच्या तेलाचा डबा तिथंच होता, गॅलनचा. करंगळी बुडवली आणि आत्यासारखी धरली. कशी धरायची ते मला येत होतं. लहानपणापासून पाहिलेलं होतं. शब्द सोडून सगळं येत होतं.

पहिला थेंब पडला, पसरला. दुसरा पसरला. तिसरा दोघांत मिसळून गेला. मॉरीननं श्वास आत ओढला. मी ओठ हलवायला सुरुवात केली, कारण ते हलायलाच हवे होते. तोंडात काहीतरी असायला हवं म्हणून आधी आपलं नेहमीचं ‘हे आमच्या बापा’ म्हणायला गेले, पण ते मध्येच सुटलं आणि जे आलं ते असं होतं: आत्या, मी खुर्ची पाहिली. आत्या, मी खुर्ची ओळखली. आत्या, मी तीन फेऱ्या घातल्या. हेच पुन्हा पुन्हा, ओठांतल्या ओठांत, कुणाला ऐकू येणार नाही असं. पोराच्या कपाळावर अंगठा ठेवला तेव्हा ते कपाळ इतकं लहान आणि गरम होतं की माझ्या अंगठ्यानं जवळजवळ सगळं झाकलं. क्रूस काढायला जागाच उरेना. आणि मग मला रडू फुटलं. आवाज नाही, नुसतं पाणी, गालांवरून हनुवटीवर आणि तिथून ताटलीत. थांबेना. दारातून गास्पारेचा दबका आवाज आला, “बघ, बघ तिच्या डोळ्यांना किती पाणी आलंय! केवढी जबर लागली होती!” मागं कुणीतरी बायका होत्या, त्यांनी एकसुरात ‘आई गं’ म्हटलं. मी मान हलवत होते, नाही, नाही म्हणून, आणि त्यांना ते मंत्राचंच वाटत होतं. पोर कण्हायचं थांबलं. पाच महिन्यांचं पोर तीन दिवस जागं राहिल्यावर केव्हातरी झोपणारच. ते माझ्या अंगठ्याखाली झोपलं. मॉरीननं माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि चटकन मिटून घेतलं. तिला कुणीतरी शिकवून ठेवलं होतं की आभार मानायचे नाहीत. मॉरीन आणि गास्पारे पोराला घेऊन वर गेले, बायका पांगल्या, आणि मी ताटलीतलं पाणी मोरीत ओतत उभी राहिले.

“तोंड धू,” मागून इम्माकाकू म्हणाल्या. त्या पोत्यांपलीकडे स्टुलावर बसल्या होत्या, काठी गुडघ्यांत धरून. गल्ल्यावरून केव्हा उठून आल्या कळलं नव्हतं. मी तोंड धुतलं. “मी तिथं होते,” त्या म्हणाल्या. मला वाटलं, आत्ताचं म्हणताहेत. “आत्ता नव्हे. नाताळच्या आदल्या दिवशी. तुझ्या आत्याकडे. संध्याकाळपासून बाराचे टोले पडेपर्यंत बसले होते. मासे गार झाले. मी म्हटलं, असुंता, मला दे, मी सांभाळते, पुढल्या वर्षी पोरीला देईन. तर म्हणते, ‘तुला दिले आणि ती आली, तर तिला काय देऊ?’ खिडकीतून हलली नाही. तुझी गाडी पांढरी आहे ना? तीन वेळा गेली.” मी भिंतीला हात लावला. “आत्यानं पाहिलं?” “मी पाहिलं. तिला विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. बारा वाजले तेव्हा म्हणाली, ‘इम्मा, पोरगी येऊन गेली असं म्हणायचं. लोक तिला बोल लावतील.’ दहा महिने म्हणतेय मी. पोटच्या पोरालासुद्धा खरं सांगितलं नाही.”

“मग गास्पारेला माझ्याकडे...” “मीच पाठवलं. शनिवारी ते टेबलही मीच अडवून ठेवते, कुणाला बसू देत नाही. तू नाही म्हणतेस का, बघायचं होतं. नाही म्हणाली असतीस तर मी म्हटलं असतं, सोड तिला, विसरली असेल. सुटली असतीस.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, रांगेतल्या गिऱ्हाईकाला आज ताजं चीज संपलं म्हणून सांगावं तसं त्या सांगत होत्या. मला तो राग हवा होता. मी म्हणाले, “काकू, मी आत्ता बाहेर जाते आणि सगळ्यांना सांगते.” “काय सांगशील? असुंता खोटारडी होती म्हणून? तुझं ओझं उतरवून तिच्या डोक्यावर ठेवतेस? तिला आता हात नाहीत ते खाली उतरवायला.” त्या काठीवर भार देऊन उठल्या. उभ्या राहिल्या तरी माझ्या खांद्याइतक्याच होत्या. “येत जा शनिवारी. लोक विचारतात. आणि नाताळला मॉरीन तुझ्याकडे मागायला येईल, आत्ताच म्हणत होती, कुणी रक्तातलं नसलं तर चालतं का. तिला काय द्यायचं ते तुझं तू बघ. मी काही तेव्हापर्यंत असेन असं नाही.” “काकू, आत्याचे शब्द आता कुणाकडेच नाहीत?” मी विचारलं. उत्तर ठाऊक होतं, तरी कुणीतरी ते मोठ्यानं म्हणायला हवं होतं. “नाहीत,” इम्माकाकू म्हणाल्या. “संपले.” आणि त्या गल्ल्यावर परत गेल्या, कारण शनिवार होता आणि सुट्टे पैसे त्यांच्याशिवाय कुणाला सापडत नाहीत.

मी टेबलाशी आले. माझं अर्धं सँडविच कुणीतरी उचलून नेलं होतं आणि तिथं वाफ येणारा आमटीचा वाडगा ठेवला होता. काउंटरमागं गास्पारे हॅम कापत होता आणि माझ्याकडे मुद्दाम बघत नव्हता. मी चमचा उचलला. घेवडा मऊ शिजला होता, मीठ बेताचं होतं, आणि भूक लागली होती याची मला लाज वाटली. दोन चमचे खाल्ले असतील नसतील, तोच टेबलावर सावली पडली. निळ्या कोटातली बाई होती. हातात नंबराची चिठ्ठी, पन्नास की काहीतरी, चुरगळून घामानं ओली झालेली. तिचा एक डोळा दुखण्यानं बारीक झाला होता. “तुम्ही जेवताय,” ती म्हणाली, “मी थांबते.” मागं गल्ल्यावर इम्माकाकू कुणाचे तरी पैसे मोजत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. नाही म्हणायला अजून वेळ होता. तोंडात या वेळी घासही नव्हता. मी आमटी बाजूला सारली, समोरची खुर्ची पायानं पुढे ढकलली आणि म्हणाले, “बसा. कधीपासून दुखतंय?”